सत्तरीनंतर जेवण किती कमी करायचं? अण्णांचं उतरलेलं साडेसात किलो वजन

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज मात्र धागा काढल्याशिवाय राहवलं नाही.

माझे वडील, अण्णा, वय ७४. ते आणि आई ठाण्याला नौपाड्यात राहतात, मी पाचपाखाडीत. अण्णांना मधुमेह नाही, रक्तदाबाची एक छोटी गोळी आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. गेल्या गुढीपाडव्याला त्यांचं वजन ६१ किलो होतं. उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे जाड तर अजिबातच नव्हते.

त्याच सुमारास सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कमी खाणारे उंदीर जास्त जगले, माकडं जास्त जगली, तेव्हा माणसानेही खाणं कमी केलं तर शंभरी गाठता येते, असा त्याचा सूर. अण्णांच्या मनात ते पक्कं बसलं. आपल्याकडे ‘वय झालं की पोट हलकं ठेवावं’ हे लहानपणापासून ऐकलेलं असतंच, त्याला आता विज्ञानाचा शिक्का मिळाला. रात्रीचं जेवण बंद झालं, त्या जागी कपभर दूध आलं. दुपारचा भात दोन घासांवर आला. तूप गेलं, शेंगदाणे गेले.

वजन उतरायला लागलं आणि आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं, हे लिहिताना आज घशाशी येतं. दिवाळीला सगळे जमलो तेव्हा प्रत्येक जण म्हणत होता, अण्णा, काय फिट दिसताय! मी त्यांचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.

डिसेंबरात एका सकाळी त्यांच्याबरोबर कचराळी तलावावर गेले. दोन फेऱ्या झाल्या, बाकावर बसलो. निघताना मी उठले, ते उठले नाहीत. दोन्ही हात मांड्यांवर दाबून जरा वर आले आणि परत बसले. मग खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्टा नीटच होता. पायांत जोर गोळा होईपर्यंत त्यांना वेळ काढायचा होता, आणि मला ते कळू द्यायचं नव्हतं. मी तलावाकडे बघत राहिले. दुसऱ्या खेपेला बाकाची कड धरून उठले.

घरी आल्यावर त्यांचं घड्याळ बघितलं. निवृत्तीच्या वेळी ऑफिसने दिलेलं, स्टीलच्या पट्ट्याचं. हात वर केला की ते कोपराकडे सरकत होतं. आई म्हणाली, दोनदा कड्या काढून आणल्या त्याच्या. त्या चार कड्या तिने काड्यापेटीत घालून देवघराच्या खणात ठेवल्या होत्या. वजनकाट्यावर उभं केलं, ५३.५ किलो. साडेसात किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या १२ टक्के.

त्या रात्री कागद घेऊन बसले आणि आईला विचारत विचारत त्यांचं एका दिवसाचं खाणं लिहिलं. दोन वेळचा चहा, चार मारी बिस्किटं, पपईच्या फोडी, दुपारी दोन फुलके, भाजी, पातळ वरण, दोन घास भात, रात्री कपभर दूध. सगळं ओढून ताणून पावणेआठशे कॅलरीच्या आसपास. प्रथिनं जेमतेम २०-२५ ग्रॅम. एवढ्यावर माझी सहा वर्षांची मुलगीसुद्धा दिवस काढत नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी थायरॉइड, साखर, छातीचा एक्स-रे, बी-१२, पोटाची सोनोग्राफी असं सगळं करून घेतलं. म्हणाले, या वयात सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर तपासायचंच, मग माणूस ‘मी डाएट करतोय’ म्हणत असला तरी. ६१ किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे फक्त तीन किलो! आम्ही साडेसात किलोपर्यंत पेढे वाटत होतो. रिपोर्टमध्ये बी-१२ कमी निघालं, बाकी सुदैवाने काही नाही. निदान काय, तर पोटाला कमी पडतंय आणि स्नायू झडलेत.

त्यानंतर महिनाभर मी वाचतेय. जे समजलं ते इथे मांडते, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

उंदरांचं खरं आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली ते दाखवलं. पण त्या उंदरांचं खाणं अगदी पिल्लं असल्यापासून कमी केलं होतं, म्हातारपणी नाही. माणसांवरचा सगळ्यात नीट केलेला प्रयोग ‘कॅलरी’ या नावाचा, दोन वर्षांचा, २१८ माणसांचा. ठरलं होतं २५ टक्के कमी खायचं, प्रत्यक्षात जमलं १२ टक्क्यांच्या आसपास. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, इन्शुलिन यांत फायदा दिसला, २०२३ मध्ये तर म्हातारं होण्याचा वेगही किंचित मंदावल्याचं आलं. पण ती माणसं किती वयाची होती? २१ ते ५० वर्षांची. अण्णांच्या वयाचं त्यात एकही माणूस नव्हतं. आणि त्या धडधाकट माणसांचीही हाडांची घनता थोडी उतरली होती, वजनाबरोबर थोडे स्नायूही गेले होते. चाळिशीतल्या माणसाकडे तेवढी शिल्लक असते. चौऱ्याहत्तरीला ती कुठून आणायची?

आता प्रश्न. तुमच्या घरात असं झालंय का? आणि ‘कमी खाल्लं तरच जगेन’ असं ज्यांच्या मनाने घेतलंय, त्यांना परत जेवायला कसं बसवलंत?

कोपरखैरणे

वाचताना अंगावर काटा आला. माझ्या सासूबाई ७८. त्यांचंही घड्याळ नाही पण बांगड्या. पूर्वी साबण लावून काढाव्या लागायच्या, आता हात खाली केला की घसरतात. आम्ही म्हणायचो, वयाने होतं असं. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे वजन.

घोडबंदररोड

तळ्याकाठची, अण्णांना लवकर ताकद येवो. पण एक बाजू मांडतो. कमी खाण्याला सरसकट वाईट ठरवू नये. जपानच्या ओकिनावा बेटावर ‘हारा हाची बू’ म्हणतात, पोट ८० टक्के भरलं की थांबायचं, आणि तिथे शंभरी पार केलेल्यांचं प्रमाण मोठं होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या प्रयोगातल्या माकडांचंही तसंच आहे. आणि आपल्या इमारतीत बघा, अतिखाण्याने आजारी पडलेले ज्येष्ठ जास्त की उपाशी राहिलेले? माझी आई ६८ वर्षांची, वजन ८२ किलो, मधुमेह, दोन्ही गुडघे गेलेले. तिला ‘कमी खाऊ नकोस’ कसं सांगू?

आहारवेल

मी आहारतज्ज्ञ आहे, वीस वर्षं ठाण्यातच काम करते. घोडबंदररोड, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याकडे येते. त्याआधी माकडांविषयी.

माकडांचे प्रयोग दोन झाले. विस्कॉन्सिनचा अहवाल २००९ चा, त्यात कमी खाणाऱ्या माकडांना म्हातारपणाचे आजार कमी झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा २०१२ चा, त्यात आयुष्य काही वाढलं नाही. फरक का पडला, तर विस्कॉन्सिनमधल्या बाकीच्या माकडांना साखर भरपूर असलेलं खाणं हवं तेवढं मिळत होतं. दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांचंच खाणं बरं आणि मोजून होतं. म्हणजे चरणाऱ्याच्या तुलनेत कमी खाणारा बरा. बेताने जेवणाऱ्याने आणखी कमी खाल्लं तर फायदा होईलच असं त्यातून निघत नाही. अण्णा बेताने जेवणारेच होते. आणि ओकिनावाची ती म्हातारी माणसं रताळी, भाज्या, सोयाबीन खात जन्मभर शेतात राबलेली. त्यांनी ७३ व्या वर्षी अचानक रात्रीचं जेवण सोडलं नव्हतं.

आता हिशेब. वय वाढलं की कॅलरी कमी लागतात हे बरोबर, पण किती कमी? हर्मन पाँटझर आणि जगभरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक माणसांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात दिसलं, की विशीपासून साठीपर्यंत शरीराचा खर्च जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो. म्हणजे साठीचा माणूस पंचाहत्तरीला आला तर दहाएक टक्के. १८०० कॅलरी लागणाऱ्याला १८० कमी, म्हणजे दिवसाला दीड पोळी. दीड पोळी! अख्खं रात्रीचं जेवण नाही.

प्रथिनांची गरज मात्र उतरत नाही, उलट वाढते. तरुण शरीर थोड्या प्रथिनांतून स्नायू बांधतं, म्हाताऱ्या शरीराला त्याच कामासाठी जास्त द्यावी लागतात. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारस मोठ्या माणसाला दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम. ज्येष्ठांसाठी बहुतेक तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सांगतात. कॅलरीचा अंदाज दर किलोला ३० च्या आसपास. ६१ किलोच्या अण्णांना साधारण १८०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत. मिळत होती त्याच्या निम्म्याहून कमी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा आपल्या मनाने धरू नका, डॉक्टरांना विचारूनच.

आता तुमच्या आई. त्यांनी वजन उतरवायला हवं, नक्की हवं. पण कसं, याचं उत्तर २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात सापडतं. ६५ च्या पुढच्या १०७ स्थूल माणसांचे गट केले. एक नुसतं कमी खाणारा, एक नुसता व्यायाम करणारा, एक दोन्ही करणारा आणि एक काहीच न बदलणारा. वर्षअखेर वजन पहिल्या आणि तिसऱ्या गटाचं जवळपास सारखंच उतरलं. पण नुसतं कमी खाणाऱ्यांचे स्नायू आणि हाडं जास्त झिजली. हालचालीत सगळ्यात पुढे दोन्ही करणारे. म्हणून आईंना पोळी-भात-साखर-तेल यांत हात आखडता, डाळी-ताक-अंडी यांत मोकळा, आणि सोबत ताकदीचा व्यायाम. महिन्याला एक-दोन किलो उतरले तर भरपूर झाले. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा डॉक्टरांना आधी कळवा.

सेक्टर_अठ्ठावीस

गोळ्यांचा मुद्दा निघाला म्हणून नेरुळहून लिहितेय. माझी आई ७१. चातुर्मासात एकभुक्त राहायचा नेम ती पूर्वीपासून करते. गेल्या वर्षी साखरेची गोळी बदलून ग्लिमेपिराइड चालू झाली होती, ते ना तिच्या लक्षात आलं, ना आमच्या. जेवण एकदाच, गोळी मात्र नेमाने सकाळी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी फोन केला तर ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारू लागली. मला वाटलं झोपेत आहे. शेजारच्या काकूंना पाठवलं. आई घामाने चिंब, हात थरथरताहेत, आणि ‘मी बरी आहे गं’ म्हणतेय. साखर मोजली तर ५२. काकूंनी चार चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजून परत दिली, म्हणून निभावलं.

नंतर डॉक्टर म्हणाले, ७० च्या खाली साखर गेली की धोका, आणि वयस्कर माणसात ते कित्येकदा फक्त गोंधळल्यासारखं बोलणं एवढंच दिसतं. घरचे समजतात विसरभोळेपणा. त्यांनी हेही सांगितलं, की या वयात साखर अगदी तरुणाइतकी काटेकोर खाली आणायचा अट्टहास करू नये, घसरणं जास्त महागात पडतं.

कृपया, कुणीही आई-वडिलांचं जेवण कमी करताना गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवा. नेम-उपास असेल तर आधी विचारा. यंदा आईने नेम बदललाय. चार महिने गोड सोडलं, जेवण दोन्ही वेळचं.

तळ्याकाठची

सेक्टर_अठ्ठावीस, काकूंना माझा नमस्कार सांगा. अशा शेजारणी आहेत म्हणून आपण ऑफिसला जाऊ शकतो.

आहारवेलताई, दीड पोळीचा हिशेब मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून अण्णांना दाखवला. ते अकाउंट्समध्ये होते, आकडा त्यांना पटतो. दोनदा गुणाकार करून बघितला आणि म्हणाले, म्हणजे मी गेले नऊ महिने हजाराची कपात करत होतो. तेवढंच बोलले. रात्री एक फुलका खाल्ला.

निवृत्त_मास्तर

मी स्वतः ७७ वर्षांचा आहे, वाशीत एकटा राहतो. इथे मुलं-मुली लिहितायत, तर आमच्या बाजूने थोडं सांगतो.

आम्ही कमी का खातो, याचं कारण दर वेळी शंभरी गाठणं हे नसतं. तोंडाला चव नसते. वास पूर्वीसारखा येत नाही, फोडणी झालेली कळत नाही. कवळी बसवली की उसळ चावताना हिरडीला टोचते, मग माणूस चहात बुडवून बिस्किट खातो. तहानसुद्धा लागत नाही. रात्री जेवलो, पाणी प्यायलो तर तीनदा उठावं लागतं, अंधारात पडायची भीती, म्हणून रात्रीचं टाळायचं. आणि लोक याला संयम म्हणतात तेव्हा बरं वाटतं, हेही खरं.

मुलाकडे राहणाऱ्यांचं आणखी एक असतं. सूनबाई साडेआठला दमून घरी येते. तिने आपल्यासाठी वेगळं मऊ काही करावं हे सांगवत नाही. ‘मला भूक नाही’ हे वाक्य सोपं. मी मुलाकडे दीड वर्ष होतो, रोज म्हणायचो. सून चांगली आहे, सांगितलं असतं तर आनंदाने केलं असतं. पण जीभ रेटत नाही.

आता एकट्यासाठी कुकर लावायचा म्हणजे डोंगर वाटतो. पत्नी गेल्यावर पहिलं वर्ष मी दूध-पोह्यांवर काढलं. शेजारच्या सेक्टरमधल्या एका मित्राचंही तेच. मग आम्ही ठरवलं, दुपारचं जेवण एकत्र. आज माझ्याकडे, उद्या त्याच्याकडे. पोळ्या बाईंकडून येतात, वरण-भात-उसळ आम्ही करतो. समोर कुणी असलं की दोन घास जास्त जातात, आणि दुसऱ्याच्या ताटावर लक्ष राहतं. चार वर्षं झाली. वजन ५८ ला होतं, ५८ लाच आहे.

तळ्याकाठची, वडिलांना जेवा म्हणून सांगू नका. त्यांच्याबरोबर जेवायला बसा.

कोपरखैरणे

मास्तर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. सासूबाई रोज म्हणतात, मला भूक नाही.

वजन केलं. ४३ निघालं. गेल्या वर्षीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या कागदावर ४७ आहे. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली.

पावलोपावली

फिजिओथेरपिस्ट आहे. काटा अर्धीच गोष्ट सांगतो, म्हणून थोडं.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही चरबी बाळगून असतो आणि स्नायूंत गरीब असतो. अशा शरीराचं वजन म्हातारपणी उतरलं तर आधीच कमी असलेलं आणखी कमी होतं. या स्नायूंच्या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीकमधले ‘मांस’ आणि ‘उणीव’ हे शब्द जोडून नाव दिलं. त्याआधी तिला नावच नव्हतं, नुसतं म्हातारपण म्हणायचे.

घरी बघायची पद्धत सोपी. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा १२ सेकंदांची आहे, तेवढे किंवा जास्त लागले तर दाखवायला हवं. पोटरीचा घेर टेपने मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटर, बायकांत ३३ पेक्षा कमी भरला तरी तेच. मोजताना शेजारी उभे राहा.

अण्णा चालतात हे उत्तम, पण नुसत्या चालण्याने मांडीत फारशी ताकद येत नाही. खुर्चीवरून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला तळवे टेकून रेटणं. आठवड्यातून तीन दिवस, दहाची एक फेरी, हळूहळू तीन फेऱ्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर.

चेंदणीची_पोर

आमच्याकडे उलटं होतं. आजी ८४ ची, कोळीवाड्यातलीच, जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन फिरलेली. तिला शहाणपण शिकवायला आम्ही निघालो. मावरं बंद, सूप चालू. आठवड्यात तिने ताट सरकवलं. मग आईने ऐकलं तिचं. बांगड्याचं कालवण, काटे काढून कालवलेला भात, संध्याकाळी जवळ्यात परतलेलं अंडं. शंभर ग्रॅम मासळीत वीसएक ग्रॅम प्रथिनं आणि चावायला मऊ. सुकटीत मीठ फार म्हणून ती आता गरम पाण्यात धुऊन, आठवड्यातून एकदाच. जे आयुष्यभर खाल्लं तेच पोटात जातं बघा.

घोडबंदररोड

आहारवेल, पावलोपावली, दोघांचे मनापासून आभार. आईला खुर्चीवरून उठवून बघितलं. तिसऱ्यांदाच थांबली. मी इतके दिवस फक्त तिच्या भाताचा वाटा मोजत होतो. माझं मत बदललंय, हे स्पष्टच लिहितो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आहारवेल

घोडबंदररोड, तीन वेळा उठल्या ना, तिथून सुरुवात. खुर्चीवर एक उशी ठेवा म्हणजे उंची वाढेल, दर पंधरवड्याला उशी पातळ करा.

व्यक्तिगत निरोपात बऱ्याच जणांनी विचारलं, शाकाहारी घरात ६० ग्रॅम आणायचे कुठून. कागदावर अवघड वाटतं, ओट्याशी तेवढं नाही. घट्ट वरणाची मोठी वाटी, म्हणजे ३० ग्रॅम कोरडी डाळ, त्यात सात ग्रॅम. आपण पाणी घालून तिची तीन ग्रॅमची वाटी करतो, तिथेच नुकसान होतं. बेसनाचं पिठलं वाटीभर, सहा ग्रॅम. दिवसभरात अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही-ताक, सोळा. मूठभर दाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, सहा-सात. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. पोळीच्या कणकेत चौथा हिस्सा सोयाबीनचं पीठ मिसळा, कळतही नाही. उरलेलं पोळी-भात भरून काढतात. एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांत वाटा. आणि वरणावर चमचाभर तूप, ४५ कॅलरी, ज्यांचं वजन उतरलंय त्यांना ते औषधासारखं आहे. भूक छोटी झालेल्या माणसाच्या पोटात जागा थोडी असते, ती चहा-मारीने भरून टाकू नये.

देशभरच्या ज्येष्ठांची पाहणी, लासी, देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने केली, तिच्यात साठीपुढचे चौथ्या हिश्शाहून जास्त लोक कमी वजनाचे निघाले. आमच्या क्लिनिकमध्ये मात्र कमी वजनाच्या ज्येष्ठाला कुणी घेऊन येत नाही. वजन वाढलेल्यांनाच आणतात. मला वीस वर्षं ही गोष्ट टोचतेय, म्हणून या धाग्याबद्दल तळ्याकाठची यांचे विशेष आभार.

तळ्याकाठची

चार महिन्यांनी धागा वर काढतेय.

मास्तरांचं ऐकलं. आठवड्यातून चार रात्री मी आणि मुलगी डबा घेऊन नौपाड्यात जातो आणि तिथेच जेवतो. पहिल्या रात्री अण्णा दूध घेऊन बाजूला बसले होते. मुलीने स्वतःच्या ताटातला थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवून त्यांच्या तोंडाशी धरला. तिला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलेलं नाही.

वजन ५७. फार भराभर वाढलं नाही, पण पावलोपावली यांच्या सांगण्यावरून आम्ही काट्यापेक्षा खुर्चीकडे बघतो. पहिल्या दिवशी पाच उठ-बशांना २१ सेकंद लागले होते, आता १३. बी-१२ ची इंजेक्शनं झाली. घड्याळात दोन कड्या परत बसवल्यात, दोन अजून काड्यापेटीत आहेत. मधे पंधरा दिवस सर्दी-खोकल्यात खाणं परत बसलं आणि सव्वा किलो लगेच गेला. तरुणपणी असं चार दिवसांत भरून येतं, या वयात महिना लागला. त्यामुळे आजारपणातल्या खाण्याची तयारी आधीच करून ठेवायची, हे शिकलो.

व्हिडिओ पाठवणाऱ्या काकांना अण्णांनी स्वतः फोन केला होता. त्यांचंही वजन उतरत होतं म्हणे. दोघं आता जांभळी नाक्यावरून भाजी आणायला एकत्र जातात, दोघांच्या दोन पिशव्या.

कोपरखैरणे

किती छान वाटलं वाचून! सासूबाईंची कवळी नवी करून घेतली, निम्मा प्रश्न तिथेच सुटला. ४४.५ वर आहेत. ताई, आजारपणात काय देत होतात तेवढं सांगाल का? त्यांना परवापासून कसर आहे, नुसता चहा मागतात.

तळ्याकाठची

मुगाचं कढण दिलं, आईच्या पद्धतीचं. मूठभर हिरवे मूग कोरडेच भाजायचे, खमंग वास सुटेपर्यंत, मग कुकरला चार वाट्या पाणी घालून पाच शिट्ट्या. घोटून घ्यायचे, गाळायचे नाहीत, नाहीतर सत्त्व चोथ्यात राहतं. तुपाची जिऱ्याची फोडणी, आलं, सैंधव, चवीपुरतं आमसूल. वाटीत नको, कपात द्या. चहाच्या वेळेला, चहाच्याच कपात. अण्णांनी तसंच घेतलं. आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.